लेकराला कोणत्या शाळेत घालावे?

(मंडळाच्या वर्धापनदिनी वाचलेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला या विषयावर बोलावयास सांगितले तेव्हा मी त्यांना म्हटले, "अहो बाई, सातवी पास बाईने शाळेवर काय बोलावे? एखाद्या शिक्षिकाबाईंना बोलवा." त्या म्हणाल्या, "शिक्षिकाबाई शाळेची बाजू सांगतील. तुम्ही तीन लेकरे शाळेत घातलीत, तुम्ही घराची बाजू सांगा." म्हणून उभी राहिले आहे. पाठ केलेले काही नाही. वहीत लिहून आणले आहे ते वाचते. चुकले तर सांभाळून घ्यावे.

प्रथम माझ्या सातवीविषयी सांगते. माझे माहेर सास्तूरच्या बाजूचे. ३० सप्टेंबर १९९३ रोजी, गणपती बोळवून माणसे नुकती निजली होती, तेव्हा पहाटे चारच्या सुमारास भूकंप झाला. मी त्या साली सातवीत होते. लोहारा तालुका तेव्हा झालेला नव्हता, आपण उमरग्यात मोडत होतो. शाळा पडली. पुढे ती पत्र्याच्या शेडमध्ये भरू लागली. त्या वर्षी गुरुजींनी आमच्याकडून एक काम फार करून घेतले, ते म्हणजे अर्ज लिहिणे. गावातल्या माणसांना मदतीसाठी अर्ज करावे लागत आणि लिहिता येणारी मोठी माणसे थोडी, तेव्हा सातवीतल्या पोरींनी ओळीने बसून लिहावयाचे. कोणाचे घर गेले, कोणाची बैले गेली, कोणाचा मुलगा गेला. आमच्या गावची शाळा सातवीपर्यंतच होती. पुढच्या शाळेसाठी परगावी जावे लागे, आणि त्या साली पोरीला एकटीला परगावी कोण पाठवणार? तेथेच माझे शिक्षण थांबले. पण माझी सातवी ही अशी अर्ज लिहिणारी सातवी आहे. म्हणून आजही मला मराठी लिहिलेला कोणताही कागद पुढे आला तरी भीती वाटत नाही.

भीती वाटली ती लेकाच्या डायरीची.

मला दोन मुली आणि त्यांच्या पाठीवर एक मुलगा. मुली जिल्हा परिषदेच्या शाळेत गेल्या. त्याविषयी घरात चर्चासुद्धा झाली नाही. जवळची शाळा, पुस्तके मिळतात, दुपारची खिचडी मिळते, चला. मुलगा तीन वर्षांचा झाला आणि चर्चा सुरू झाली. भाऊजी म्हणाले, आता जमाना इंग्रजीचा आहे. आत्याबाई म्हणाल्या, "एकुलतं एक लेकरू, त्याला काय खिचडीच्या साळंत घालता?" आमचे हे काही बोलले नाहीत, पण जाऊन फी भरून आले. मीही काही बोलले नाही. खरे सांगावयाचे तर मला आनंदच झाला होता. गळ्यात टाय बांधून तो पिवळ्या गाडीत बसला तेव्हा मी त्याची दृष्ट काढली.

आता हिशेब ऐका, कारण हिशेब आपण बायकांनीच ठेवावयाचा असतो. दुसरीत त्याची फी अठरा हजार आणि गाडीचे सहा, मिळून चोवीस हजार. सोयाबीनला तेव्हा तीन हजारांच्या आसपास भाव होता. म्हणजे आठ क्विंटल सोयाबीन त्या पिवळ्या गाडीत बसून जात होते. वह्या, बूट आणि स्नेहसंमेलनाचा ड्रेस त्यात धरलेला नाही.

त्याच दुसरीच्या वर्षी दर शनिवारी डायरीत लाल शाईने चार ओळी येत. सगळे इंग्रजीत. मला वाटे, फीची आठवण असेल, किंवा सुट्टीचे काही असेल. मी खाली मराठीत ठसठशीत सही करी. अशा सह्या मी तीन महिने केल्या. एके दिवशी माझी धाकटी मुलगी, ती जिल्हा परिषदेच्या शाळेत आठवीत होती, सहज डायरी हातात घेऊन अडखळत वाचू लागली. मग माझ्याकडे पाहून म्हणाली, "आई, ह्यात लिहिलंय की त्याला वाचायला येत नाही, पालकांनी येऊन भेटावं. दर शनिवारी हेच लिहिलंय. अन् तू खाली सही केलीस."

भगिनींनो, भूकंपात दुसऱ्यांचे अर्ज लिहिणारी मी, माझ्याच लेकराच्या बाबतीत अंगठेबहाद्दर झाले होते. आणि त्यासाठी पैसे मोजत होते.

आम्ही जाऊन भेटलो. तेथे सांगितले, घरी इंग्रजीत बोला. आमच्या घरी इंग्रजीत कोण बोलणार, म्हैस? शिकवणाऱ्या बाई वाईट नव्हत्या, आपल्याच भागातली कोवळी पोरगी होती. पण पगार इतका थोडा की ती वर्षाच्या आत सोडून गेली, तिच्या जागी दुसरी आली, तीही गेली. चौथीपर्यंत मुलाची अवस्था अशी की धड इंग्रजी नाही, धड मराठी नाही. दुकानदाराने "एकोणपन्नास रुपये झाले" म्हटले तर तो मला विचारी, "आई, म्हणजे फोर्टी नाईन का फिफ्टी नाईन?"

मी इंग्रजीच्या विरुद्ध आहे असे कोणी समजू नये. इंग्रजी यावयास पाहिजे. आपल्या राज्यात २००० सालापासून मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी शिकवतात, आणि त्या डायरीतले इंग्रजी ज्या मुलीने वाचले ती त्याच शाळेतली होती. खाजगी शाळा म्हणजे वाईट, असेही मी म्हणत नाही. ते म्हणण्याचा आपल्या लोहारा तालुक्याला तर अधिकारच नाही. आपल्या हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा १९२१ साली निघाली ती खाजगीच होती. तेव्हा आपण निजामाच्या राज्यात होतो. वरचे शिक्षण उर्दूतून चाले, आणि हैदराबादचे उस्मानिया विद्यापीठ तर १९१८ साली उर्दूतूनच सुरू झालेले. घरात मराठी बोलणाऱ्या लेकराने पुढे शिकावयाचे म्हणजे परक्या भाषेतून शिकावयाचे. अशा दिवसांत येथल्या माणसांनी स्वतःची शाळा काढली. व्यंकटेश खेडगीकर त्या शाळेचे मुख्याध्यापक होते. १९३२ साली त्यांनी संन्यास घेतला आणि ते स्वामी रामानंद तीर्थ झाले. पुढे निजामाविरुद्धच्या लढ्याचे ते पुढारी झाले, हे आपण दर १७ सप्टेंबरला ऐकतोच. मला त्यातली एक गोष्ट राहून राहून आठवते. परक्या भाषेतून सुटण्यासाठी आपल्या आज्या-पणज्यांच्या काळी खाजगी शाळा काढावी लागली, आणि आज आपण खाजगी शाळेत पैसे भरतो ते लेकरू परक्या भाषेत बसावे म्हणून. तेव्हा शाळा सरकारी की खाजगी एवढेच पाहून भागत नाही. त्या शाळेत काय चालले आहे हे आईला घरी बसून कळते का, हे पाहावे लागते.

नंतर कोरोनाचे दिवस आले. शाळा मोबाइलवर गेली आणि आमचा मोबाइल यांच्याबरोबर रानात गेला. फी थकली. २०२१ साली मुलाला काढावयाचे ठरवले तर बाकी भरल्याशिवाय दाखला मिळेना. मी रडकुंडीला आले. तेव्हा जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या गुरुजींनी सांगितले की, दाखल्यावाचून प्रवेश अडवता येत नाही. २००९ साली शिक्षणहक्काचा कायदा झाला, तो १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. त्यात मुलाला वयाप्रमाणे वर्गात घ्यावे असेही आहे. त्याला पाचवीत बसवले. पाचवीतला घोडा पहिलीच्या पोरांबरोबर बाराखडी गिरवीत बसला. त्याला लाज वाटे. दोन महिने तो माझ्याशी धड बोलला नाही. आता नववीत आहे. पहिल्या नंबरात नाही, पण वाचतो, आणि मला त्याची वही कळते.

म्हणजे जिल्हा परिषदेच्या शाळेत सगळे सोन्याचे आहे काय? मुळीच नाही. गुरुजी कधी निवडणुकीच्या कामाला, कधी मोबाइलवर माहिती भरण्यात गुंतलेले. मुलींच्या संडासाला पाणी नव्हते. पहिली ते पाचवीत साठ मुलांपर्यंत दोनच शिक्षक, असे कायद्याचे माप आहे. म्हणजे दोन माणसांनी पाच वर्ग ओढावयाचे. आणि आपण लेकरे काढून नेली की पट कमी होतो, पट कमी झाला की शिक्षक कमी होतो, मग आपणच म्हणतो, पाहा, तेथे शिकवायला माणूस नाही. पण त्याच कायद्याने शाळेच्या व्यवस्थापन समितीत तीनचतुर्थांश पालक आणि निम्म्या बायका असाव्या लागतात. मलाही घेतले. पहिल्या दोन सभांत नुसती सहीपुरती होते. तिसऱ्या सभेत मी पाण्यावर अर्ज लिहून नेला. तो कागद मराठीत होता, तेव्हा मी कोणाला भ्याले नाही. नळ यावयास आठ महिने लागले, तो भाग निराळा.

ज्यांना खाजगी शाळेतच घालावयाचे आहे त्यांनी जरूर घालावे, पण विचारपूस करून. शाळेला सरकारी मान्यता आहे का, फीची पावती मिळते का, मागच्या वर्षीच्या बाई या वर्षी आहेत का? तिसरीच्या एखाद्या पोराला जवळ घेऊन धड्याचे एक पान वाचावयास सांगावे. हीच परीक्षा जिल्हा परिषदेच्या शाळेतही घ्यावी, तेथे सूट देऊ नये. गरिबाच्या आणि मागास वर्गाच्या मुलांसाठी विनाअनुदानित खाजगी शाळांत पंचवीस टक्के जागा राखीव असतात, आठवीपर्यंत फी नाही. २०२४ च्या फेब्रुवारीत सरकारने नियम बदलून एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खाजगी शाळेला त्यातून सूट दिली होती. त्याच जुलैत मुंबई उच्च न्यायालयाने तो बदल रद्द केला. आपल्यापैकी कितीकींना हे माहीतच नसते आणि अर्जाची तारीख निघून जाते.

आता जे सांगताना जड जाते तेही सांगते. माझी थोरली मुलगी २०१६ साली दहावी झाली. चांगले गुण होते. तिला लातूरला जाऊन सायन्स करावयाचे होते. ते दुष्काळाचे साल. त्याच एप्रिलात लातूरला मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले होते. घरी सांगितले, या वर्षी पैसे नाहीत, पोरीने गावातच आर्ट्स करावे. तिने केले. आणि त्याच जूनमध्ये मुलाच्या लहान गटाची फी भरली. पैसे कमी होते, पण नव्हते असे नाही. ते कोणाला द्यावयाचे हे आधीच ठरलेले होते, आणि तेव्हाही मी काही बोलले नाही. अठरा पूर्ण होताच तिचे लग्न झाले.

तिला आता सहा वर्षांची मुलगी आणि चार वर्षांचा मुलगा आहे. मागच्या महिन्यात तिचा फोन आला. सासरी ठरते आहे की पोरीला जवळच्या सरकारी शाळेत घालावे आणि पोराला जरा मोठा झाला की इंग्लिश स्कूलला. "आई, तुला काय वाटतं? कुठली शाळा चांगली?"

मी तिला म्हटले, "दोन्ही शाळा बघून ये, अन् तुला पटेल त्या शाळेत घाल. पण दोघांना एकाच शाळेत घाल."

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "तू तर तसं नाही केलंस."

मी म्हटले, "नाही केलं, बाई. म्हणून तर तुला सांगायलेय."

तिने अजून काही कळवलेले नाही. शाळा सुरू व्हावयास थोडे दिवस आहेत.