कुमारांच्या कादंबरींतील मृत्यु

कुमारवयीन वाचकांच्या हातीं आत्महत्येची कथा द्यावी कीं न द्यावी, हा वाद फार जुना आहे. जर्मन महाकवि गटे याची ‘वेर्टर’ ही कादंबरी १७७४ सालीं प्रसिद्ध झाली. तिच्यांतील निराश नायकाचें तरुण लोक अनुकरण करतील, या भीतीनें लाइप्झिग शहरानें पुढच्याच वर्षीं तिच्या विक्रीस बंदी घातली. बरोबर दोनशें वर्षांनीं, १९७४ सालीं, डेव्हिड फिलिप्स या अमेरिकन समाजशास्त्रज्ञानें, वर्तमानपत्रांत आत्महत्येची बातमी गाजली म्हणजे तशा मृत्यूंची संख्या वाढते असें आंकड्यांनीं दाखविलें, व या परिणामास वेर्टरचेंच नांव दिलें. तेव्हां ती भीति अगदींच निराधार होती असें म्हणवत नाहीं. परंतु पुस्तक काढून घेतल्यानें वर्गांतील छळ थांबत नाहीं, आणि एकट्या पडलेल्या मुलाचें दुःखहि हलकें होत नाहीं. म्हणून खरा प्रश्न, कथेंत मृत्यूला कोणतें स्थान दिलें आहे, हा होय.

या दृष्टीनें दोन कादंबऱ्या शेजारीं ठेवून पाहूं. पहिली हर्मान हेसे याची. ‘चाकाखालीं’ अशा अर्थाच्या नांवाची ही कादंबरी १९०६ मध्यें निघाली. तिचा नायक हान्स हा लहानशा गांवचा हुषार मुलगा. परीक्षेंत चमकून तो माउलब्रॉनच्या विद्यालयांत जातो. तेथें त्याच्या मित्राला शिक्षा होते, तेव्हां गुरुजनांच्या रोषास भिऊन हान्स त्याला टाळतो. पुढें समेट होतो. पण मित्राला विद्यालय सोडावें लागतें आणि हान्स खचून घरीं परततो. कारखान्यांत उमेदवारी करूं लागल्यावर त्याच्या जुन्या विद्वत्तेवरून त्याची टवाळी होते. अखेरीस त्याचा मृत्यु होतो. तो अपघात कीं आत्मघात, हें हेसे सांगत नाहीं. तो आपली नजर अंत्ययात्रेस जमलेल्या शिक्षकांकडे वळवितो. उत्तर देण्याची जबाबदारी जिवंत माणसांवर येते.

दुसरी कादंबरी जे आशर या अमेरिकन लेखकाची ‘थर्टीन रीझन्स व्हाय’. ती २००७ मध्यें प्रसिद्ध झाली. हॅना नांवाची विद्यार्थिनी आपल्या मृत्यूचीं तेरा कारणें ध्वनिफितींवर सांगून ठेवते, आणि ज्यांनीं तिला दुखविलें त्यांना तीं ऐकावीं लागतात. एक अफवा, एक कुचेष्टा, एक विश्वासघात असे लहान घाव कसे साचत जातात, हें आशरनें चांगलें दाखविलें आहे. दोष आहे तो वेगळाच. येथें मृत्यु हेंच बोलण्याचें साधन होतें. ‘मेल्यावर तरी सर्वजण माझें ऐकतील’ हा भ्रम दुखावलेल्या मुलाला फार गोड वाटतो. २०१७ मध्यें या कथेवर नेटफ्लिक्सनें मालिका काढली, आणि तिच्यांतील मृत्यूचें दृश्य बऱ्याच टीकेनंतर २०१९ मध्यें वगळलें. मालिकेमुळें मृत्यु वाढले कीं काय, याविषयीं २०१९ व २०२० मधील संशोधकांचे निष्कर्ष जुळत नाहींत. मात्र याच कादंबरीचें शेवटचें पान मला सर्वांत मोलाचें वाटतें. तेथें क्ले हा मुलगा एका एकाकी मुलीला आपण होऊन हांक मारतो.

त्या हांकेचें मोल संशोधनानेंहि दाखविलें आहे. मनांत मरणाचा विचार येऊनहि संकटांतून तरून गेलेल्या माणसांचें वृत्त प्रसिद्ध झालें, तर आत्महत्या कमी होतांना दिसतात, असें व्हिएन्ना येथील अभ्यासकांना २०१० मध्यें आढळलें. त्यांनीं या परिणामास मोझार्टच्या १७९१ मधील संगीतिकेंतील पापागेनोचें नांव दिलें. जीव द्यावयास निघालेल्या त्या पक्षीपारध्याला तीन मुलें त्याच्या जादूच्या घंटांची आठवण करून देतात व तो परत फिरतो. स्वतः हेसे १८९२ मध्यें माउलब्रॉनहून पळाला होता, आणि त्याच वर्षीं त्यानें जीव देण्याचा प्रयत्न केला होता. तो वांचला, १९४६ मध्यें नोबेल पारितोषिकाचा मानकरी झाला आणि पंचाऐशीं वर्षें जगला. हान्सची कथा देतांना ही दुसरी कथाहि मुलांना अवश्य सांगावी.

अशीं पुस्तकें मुलांनीं एकट्यानें वाचूं नयेत. आईवडिलांनीं व शिक्षकांनीं तीं बरोबरीनें वाचावींत आणि सरळ विचारावें, ‘बाळ, तुझ्या मनांत असें कधीं येतें काय?’ विचारल्यानें तो विचार मनांत रुजतो, ही समजूत चुकीची आहे. उत्तर होकारार्थी आलें तर उपदेश करूं नये, शेजारीं बसावें आणि जाणत्याची मदत घ्यावी. भारतांत ‘टेलि-मानस’चा १४४१६ हा क्रमांक त्यासाठींच आहे. पुस्तक मिटल्यावर असा एक प्रश्न घरांत विचारला गेला, तर त्या पुस्तकाचें काम झालें असें समजावें.