मोजणारे हात गावात हवेत

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



पूल खचला की आपण कंत्राटदाराचं नाव विचारतो. रस्ता एका पावसाळ्यात उखडला की खात्यातल्या साहेबांकडे बोट दाखवतो. पण या दोघांच्याही आधी एक तिसरा माणूस तिथे येऊन गेलेला असतो आणि त्याची आठवण सहसा कोणाला होत नाही. तो म्हणजे सल्लागार अभियंता. नदीला पूर किती येतो, पाया किती खोल हवा, लोखंड किती लागेल, खर्च किती येईल, हे सगळं तो कागदावर मांडतो. निविदेची कागदपत्रं बहुधा तोच तयार करतो आणि पुष्कळदा कामावरची देखरेखही त्याच्याकडेच असते. मी तीसेक वर्षं हा व्यवसाय केला, त्यातली बरीच चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांत. या व्यवसायातल्या सचोटीबद्दल आज चार गोष्टी सांगायच्या आहेत.

सिमेंटची गोणी फोडून पाहता येते, विटेवर वीट आपटून तिचा आवाज ऐकता येतो. सल्ला मात्र घेताना पारखता येत नाही. त्याची परीक्षा दहा-पंधरा वर्षांनी, एखाद्या मोठ्या पुरात होते. तोवर बिलाचे पैसे चुकते झालेले असतात आणि अहवाल कपाटात गेलेला असतो. म्हणूनच आमच्या धंद्यात फसवणूक सोपी असते आणि ती दिसतही नाही. एका पुलाचा अहवाल माझ्याकडे तपासायला आला होता. नदीपात्रात तीन ठिकाणी बोअर घेतल्याची त्यात नोंद होती आणि तिन्ही ठिकाणी मातीचे थर अगदी सेंटिमीटरपर्यंत सारखे होते. त्या नदीचा एक काठ खडकाळ आणि दुसरा गाळाचा. मग थर सारखे येतील कसे? चौकशी केली तेव्हा कळलं, त्या सल्लागार संस्थेचा माणूस पलीकडच्या काठावर गेलाच नव्हता.

हे का घडतं? त्या माणसाची नियत खोटी होती, असं म्हणून आपण मोकळे होतो. पण धंद्याची रचनाही पाहिली पाहिजे. सल्लागार निवडताना सर्वांत कमी दर सांगणाऱ्याला काम दिलं, तर तो खर्च कुठे वाचवणार? सर्वेक्षणात. दुर्गम भागात माणसं पाठवणं, यंत्र नेणं, पावसाळाभर नदीवर थांबणं महाग असतं. उलट, मोबदला बांधकामाच्या खर्चाच्या टक्केवारीवर ठरला, तर खर्च वाढण्यात त्याचाच फायदा. म्हणजे एका पद्धतीत अभ्यास आटतो आणि दुसऱ्या पद्धतीत अंदाजपत्रक फुगतं.

हा रोग फक्त आपल्याकडचा आहे, असं मानू नका. दक्षिण आफ्रिकेने चहूबाजूंनी वेढलेला लेसोथो नावाचा चिमुकला देश आहे. तिथल्या डोंगरातलं पाणी बोगद्यांतून दक्षिण आफ्रिकेला पोचवणाऱ्या प्रचंड प्रकल्पात जगातल्या नामवंत सल्लागार कंपन्या होत्या. प्रकल्पाचे मुख्याधिकारी मसुफा सोले यांना लाच घेतल्याबद्दल २००२ मध्ये शिक्षा झाली. त्याच वर्षी कॅनडाची अ‍ॅक्रेस ही सल्लागार कंपनी आणि पुढच्या वर्षी जर्मनीची लाह्मेयर ही कंपनी लाच दिल्याबद्दल दोषी ठरली. अ‍ॅक्रेसचा पैसा थेट साहेबांच्या हाती गेला नव्हता. कंपनीने नेमलेल्या स्थानिक प्रतिनिधीला ‘फी’ दिली जाई आणि तिचा मोठा वाटा पुढे सोले यांच्या परदेशी खात्यात पोचे. जागतिक बँकेने अ‍ॅक्रेसला २००४ मध्ये तीन वर्षांसाठी आणि लाह्मेयरला २००६ मध्ये सात वर्षांसाठी आपल्या कामांतून वगळलं. या हकिगतीत मला मोलाचं वाटतं ते हे, की आधी लेसोथोच्या सरकारी वकिलांनी स्विस बँकांचे कागद मिळवले आणि स्वतःच्या न्यायालयात खटला उभा केला. जगाने कारवाई केली ती त्यानंतर. त्या लहानशा देशाने ती ताकद कमावली नसती, तर त्या कंपन्यांची पाटी कोरीच राहिली असती.

सल्लागार अभियंत्यांची ‘फिडिक’ ही जागतिक संघटना १९१३ पासून आहे. तिने या शतकाच्या सुरुवातीला सचोटीच्या व्यवस्थेची मार्गदर्शिका काढली. तिचा विचार असा : कामाचा दर्जा राखायला जशी कंपनीत पद्धत असते, नोंदी असतात, तपासणी असते, तशीच ती सचोटीलाही हवी. भेटवस्तूंचा नियम लेखी हवा, प्रतिनिधीला किती आणि कशासाठी पैसे दिले हे कागदावर हवं, त्याला जबाबदार असा एक माणूस हवा. हा विचार मला पटतो. पण कंपनीने स्वतःची तपासणी स्वतःच करायची, एवढ्यावर गोष्ट थांबली तर ती अपुरी राहते. समोरच्या गिऱ्हाइकालाही तपासता आलं पाहिजे.

आता आपल्या दाराशी येऊ. वैनगंगेवरच्या गोसीखुर्द धरणाचं भूमिपूजन १९८८ मध्ये झालं. मूळ अंदाजपत्रक ३७२ कोटी रुपयांचं होतं. २००९ मध्ये तो राष्ट्रीय प्रकल्प झाला आणि पुढे सुधारित खर्च १८ हजार कोटींच्या वर गेला. भंडारा, नागपूर आणि चंद्रपूर या तीन जिल्ह्यांतली अडीच लाख हेक्टर जमीन भिजवण्याचं ते स्वप्न. उजवा कालवा ब्रह्मपुरी, नागभीडकडून सावली तालुक्यातल्या ब्रिटिशकालीन आसोलामेंढा तलावापर्यंत येतो. नाशिकमधले तेव्हाचे मुख्य अभियंता विजय पांढरे यांनी २०१२ मध्ये पत्र लिहून राज्यातल्या सिंचन प्रकल्पांच्या वाढत्या खर्चावर आणि दर्जावर बोट ठेवलं. त्याच वर्षअखेरीस ज्येष्ठ जलतज्ज्ञ माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी पथक नेमलं गेलं. व्यक्तींच्या दोषाचा निवाडा न्यायालयांचा, त्यात मी पडत नाही. महागाई वाढली, पुनर्वसनाचा आणि भूसंपादनाचा खर्च वाढला, हेही खरंच. मला एक वेगळाच प्रश्न पडतो. एवढी वर्षं हा आकडा वाढत होता, तेव्हा कालव्याच्या शेवटच्या टोकाच्या शेतकऱ्यांपैकी कितींना अंदाजपत्रक वाचता येत होतं? मोजमाप पुस्तक म्हणजे काय, अस्तरीकरणाची जाडी कशी मोजतात, हे त्यांना कोणी कधी सांगितलं होतं?

क्षमता वाढवायची म्हणजे शहरातल्या हॉटेलात दोन दिवसांचं शिबिर भरवायचं आणि प्रमाणपत्र वाटायचं, असा आपल्याकडे समज झाला आहे. खरी क्षमता तपासण्याची. आणि ती आपल्या लोकांत नाही, असं म्हणण्याचं धाडस मी तरी करणार नाही. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया या पट्ट्यात हजारो माजी मालगुजारी तलाव आहेत. कोहळी समाजाच्या पूर्वजांनी जमिनीचा उतार नजरेने जोखून त्यातले कितीतरी बांधले. पाळ कुठे घालायची, तुडूम कोणत्या पातळीवर ठेवायचं, जादा पाणी कुठून काढायचं, हे त्यांना कोणत्याही महाविद्यालयाने शिकवलं नव्हतं. भामरागडचंच पाहा. पर्लकोटेच्या ठेंगण्या पुलावर पाणी चढायचं आणि पावसाळ्यात तालुक्याचा संपर्क तुटायचा, हे वर्षानुवर्षं चाललं. पुराचं पाणी कोणत्या झाडापर्यंत, कोणत्या घराच्या ओट्यापर्यंत आलं होतं, हे अशा ठिकाणची म्हातारी माणसं बोटाने दाखवतात. महापूर पातळी ठरवताना ही साक्ष घ्यावी, असं आमचं शास्त्रही सांगतं. सल्लागाराने ती घेतली की नाही, हे विचारणारं मात्र कोणी नसतं.

असं विचारणारं गाव कसं घडतं, याचं उदाहरण धानोरा तालुक्यात आहे. मेंढा (लेखा) या गोंडांच्या गावाने अनेक वर्षं अभ्यासगट चालवला. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांची नावं त्या कामाशी जोडलेली आहेत. कायदा, जंगल, हिशेब, सगळ्यावर लोक बसून बोलत आणि निर्णय सर्वसहमतीने घेत. वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये गावाला सुमारे १८०० हेक्टर जंगलाचा सामूहिक हक्क मिळाला. एप्रिल २०११ मध्ये बांबूच्या वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकार ग्रामसभेकडे आला. मग बांबूची मोजणी, विक्री, मजुरी, हिशेब हे सारं ग्रामसभा पाहू लागली. हा काही पूल नाही, धरण नाही. पण व्यापाऱ्याशी दराची बोलणी करणं आणि बँकेतला पैसा चारचौघांत वाचून दाखवणं, हीसुद्धा व्यवसायातली सचोटीच. एकट्या प्रामाणिक माणसावर ती विसंबून नव्हती. ज्याला हिशेब समजतो असे पुष्कळ जण एका जागी बसत होते, म्हणून ती टिकली.

तेव्हा माझं मागणं फार मोठं नाही. या दोन जिल्ह्यांत सल्लागार नेमताना आधी अनुभव आणि कामाची पद्धत पाहावी, दर नंतर. मोबदला खर्चाच्या टक्केवारीवर नको, ठरलेल्या कामावर हवा. प्रकल्प अहवालाचा मराठीत चार पानांचा सारांश ग्रामसभेत वाचला जावा. त्यात बोअर कुठे घेतले, पुराची पातळी कोणाला विचारून ठरवली, कोणता पर्याय का नाकारला, हे असावं. सर्वेक्षणाच्या प्रत्येक दिवशी गावातले दोन तरुण सोबत असावेत, त्यांना मजुरी मिळावी आणि नोंदवहीवर त्यांची सही असावी. चंद्रपूरचं शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आणि गडचिरोलीचं तंत्रनिकेतन यांच्या विद्यार्थ्यांनी सुट्टीत गावोगावच्या दहा-दहा मुलामुलींना टेप, लेव्हल आणि मोजमाप पुस्तक शिकवावं. पंधरा दिवसांत हे जमतं, मी शिकवून पाहिलं आहे. पहिल्या दिवशी लेव्हलच्या दुर्बिणीला डोळा लावायला बिचकणारी मुलगी आठव्या दिवशी मला विचारत होती, “साहेब, तुमचा आकडा माझ्याशी जुळत नाही, पुन्हा घेऊ का?”

आम्ही तो आकडा पुन्हा घेतला. माझा बरोबर निघाला, पण मुद्दा तो नाही. सल्लागाराला असं विचारलं जाईल हे आधीच ठाऊक असेल, तर तो पलीकडच्या काठावरही जाऊन येईल.