कळा सुरू झाल्यावर साखर मोजताना



कळा सुरू झाल्या की कसबा बावड्यातल्या घरांत दवाखान्याची पिशवी भरली जाते. लाईन बाजारातलं सेवा रुग्णालय असो की कोल्हापूर शहरातलं सीपीआर रुग्णालय, पिशवीत जुन्या सुती लुगड्याची दुपटी असतात, बाळाचं टोपडं असतं, चहाचा थर्मास असतो. बाईला मधुमेह असेल तर त्यात तिच्या तपासण्यांचे कागद हवेत, आणि इन्सुलिन शेवटचं कधी, किती घेतलं याची चिठ्ठीही हवी. डॉक्टर पहिल्यांदा तेच विचारतात.

कारण साधं आहे. आईच्या रक्तातली साखर वारेतून बाळाकडे जाते, इन्सुलिन मात्र जात नाही. जादा आलेली साखर जिरवायला बाळाचं स्वादुपिंड स्वतःचं इन्सुलिन भरपूर तयार करतं. नाळ कापली की साखर थांबते, इन्सुलिन मात्र बाळाच्या अंगात तसंच राहतं. मग तासा-दोन तासांत बाळाची साखर झपकन उतरते. बाळ थरथरतं, दूध ओढत नाही, कधी झटकेही येतात. म्हणून कळांच्या तासांतली आईची साखर बाळासाठी इतकी मोलाची.

कळांच्या दिवशी सकाळचा इन्सुलिनचा नेहमीचा डोस सहसा देत नाहीत. टाईप वन मधुमेह असलेल्या बाईचं इन्सुलिन मात्र पूर्ण बंद करून चालतच नाही. केंद्र सरकारच्या सूचनांप्रमाणे दर दोन तासांनी सिस्टर बोटाला सुई टोचतात आणि रक्ताचा थेंब पट्टीवर घेतात. आकडा 120 च्या आत असेल तर नुसतं सलाईन. त्यावर गेला तर 500 मिलिलिटर सलाईनमध्ये 4 युनिट इन्सुलिन, 140 च्या पुढे 6, 180 च्या पुढे 8. आकडा 70 च्या खाली घसरला तर धोका उलट्या बाजूचा, तेव्हा ग्लुकोज द्यावं लागतं.

‘पोरीला जरा गूळपाणी द्या, ताकद येईल,’ असं बाहेर बसलेली आजी म्हणते. तिचा जीव तुटतो, ते खरंच आहे. तरी काय द्यायचं ते सिस्टरनाच विचारावं.

‘बाळ तर बारीकच आहे, त्याला कसली साखर!’ हाही समज घातक. पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी 1993 पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या आया आणि बाळांचा अभ्यास केला. वजनाला कमी भरणारी आपली बाळंही अंगात चरबी धरून असतात, हे त्यातून दिसलं. म्हणजे नुसत्या वजनावरून अंदाज बांधता येत नाही. म्हणून बाळ लहान दिसलं तरी आईला मधुमेह असेल तर पहिल्या तासातच त्याची साखर तपासावी, आणि त्याच तासात त्याला अंगावर पाजावं.

वार पडली की आईची इन्सुलिनची गरज एकदम घटते. आधीचाच डोस चालू ठेवला तर तिलाच चक्कर येईल, घाम फुटेल. गरोदरपणात निघालेला मधुमेह बहुतेकींचा बाळंतपणानंतर निवळतो, पण पुढे पुन्हा उद्भवण्याची शक्यता राहते. बाळाच्या दीड महिन्याच्या लसीला आई दवाखान्यात येतेच. त्याच फेरीत तिनं 75 ग्रॅम ग्लुकोज पिऊन करायची तपासणी उरकावी. तिला उपाशीपोटी यावं लागतं, म्हणून सकाळची वेळ आधीच ठरवून घ्यावी.