कोयत्यामागून औषधाची पेटी



दसरा-दिवाळी झाली कीं परभणी, जालना, बीड या जिल्ह्यांतील सहस्रावधि कुटुंबें ऊसतोडीसाठीं घर सोडतात. देवगांव फाट्याभोंवतालचा मुलूखही त्यास अपवाद नाहीं. नवराबायको मिळून ‘एक कोयता’ मोजतात, आणि मुकादमाची उचल फिटेपर्यंत तो अखंड चालावा लागतो. खाडा केला तर दंड. म्हणून ताप अंगावर काढावयाचा, गरोदरपणींही डोक्यावर मोळी घ्यावयाची. याचें फळ काय? २०१९ सालीं शासकीय समितीनें बीड जिल्ह्यांतील ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांची पाहणी केली, तेव्हां १३,८६१ जणींचीं गर्भाशयें काढलेलीं आढळलीं.

दवाखाना उघडतो त्या वेळीं मजूर फडांत असतो. यास्तव औषधाची गाडी सूर्यास्तानंतर कोप्यांपाशीं गेली पाहिजे. परंतु टोळी आज येथें, उद्यां तेथें. म्हणून रक्तदाब, गरोदरपणाचे महिने, बाळाच्या लसी यांची नोंद त्या बाईच्याच हातीं द्यावी. टोळींतीलच एकीला प्रथमोपचार शिकवून पेटी सोंपवावी. बीडकडे अशा ‘आरोग्यसखी’ तयार झाल्या आहेत.

आपणांपैकीं जे डॉक्टर, परिचारिका, वाहनचालक आहेत, त्यांजपाशीं आम्ही द्रव्य मागत नाहीं. भाद्रपद-आश्विनांतील चार दिवस मागतों. घर सुटण्यापूर्वींच तपासणी झाली, आणि शस्त्रक्रिया सांगितल्यास दुसऱ्या डॉक्टरास विचारण्याचा आपणांस हक्क आहे, एवढें जरी त्या भगिनीस कळलें, तरी आपल्या ज्युबिलीचें सार्थक झालें असें आम्ही समजूं.