आजारी बापाचा अंगठा

(शेतकरी व कारागीर बंधुभगिनींपुढें केलेल्या भाषणाचा मजकूर)



१८७५ सालीं आपल्याच पुणें जिल्ह्यांत, सुपे येथें, शेतकऱ्यांनीं सावकारांचीं खतें जाळलीं. न वाचलेल्या कागदावर अंगठा दिल्यानें घरेंदारें बुडालीं होतीं. म्हणून १८७९ च्या कायद्यानें शेतकऱ्याचें खत गांवच्या निबंधकासमोर लिहिण्याची सक्ती केली. तो अंगठा लोकांनीं घेतला होता. आज बापाचा अंगठा कागदावर टेकवणारे आपण त्याचीं पोरेंच आहों.

जुन्नर-आंबेगांवांत घरोघर असें होतें. बापाला अर्धांगवायू होतो. विघ्नहर किंवा भीमाशंकर कारखान्याचें उसाचें बिल, किसान सन्मानाचे वर्षाचे ६,००० रुपये, सगळें त्याच्याच खात्यांत. थोरला कार्ड घेतो, गुप्त आंकडा त्याला पाठ असतोच. नाहीं तर चिठ्ठीवर बापाची सही स्वतःच ठोकतो. पैसा औषधपाण्यालाच जातो. आम्हींही हेंच केलें. दहाव्याच्या दिवशीं बहिणीनें विचारलें, "दादा, आबांच्या खात्यावरचे पैसे कुठें गेले?" आम्हीं पैसा खाल्ला नव्हता; पण दाखवायला एक चिटोरेंही नव्हतें. तिचें विचारणें वावगें नव्हतें. १९५६ च्या वारसा कायद्यानें बापाच्या मिळकतींत लेकीचा हक्क लेकाइतकाच आहे. २००५ पासून वडिलोपार्जितांतही तसाच आहे.

तेव्हां आमच्यासारखें तुमचें होऊं नये म्हणून चार गोष्टी ध्यानांत धरा. आईच्या पैशालाही त्याच लागू.

पहिली: बापाची सही आपण करूं नये. हेतु चांगला असला तरी खोट्या सहीचा आळ येतो, आणि तो कोर्टांत झाडीत बसावें लागतें. हात चालत नसेल तर बँकेंत सांगा. दोन साक्षीदारांसमोर हाताचा वा पायाचा अंगठा उठवून पैसे काढतां येतात. त्यांतला एक साक्षीदार बँकेचा जबाबदार अधिकारी असावा लागतो.

दुसरी: बापाला समजतें आहे तोंच त्याच्या खुशीनें मुखत्यारपत्र करून घ्या. १८७२ च्या करार कायद्याप्रमाणें त्याचें भान गेलें किंवा तो वारला, कीं मुखत्याराचा अधिकार संपतो. भान गेल्यावर हायकोर्टाकडून पालक नेमून घेण्याची पाळी येते. तो खर्च कुणबिकीला झेपणारा नव्हे.

तिसरी: बाप वारल्यावर कार्डाला हात लावूं नका. त्या घडीपासून पैसा सर्व वारसांचा. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. वारसांना पैसा पोंचवणारा विश्वस्त.

चौथी: दोन पैशांची वही ठेवा. तारीख, रक्कम आणि कारण लिहा, पावती टांचा, आणि दर महिन्याला भावाबहिणींना दाखवून सही घ्या.

म्हाताऱ्या मायबापांनो, तुम्हांसही एक सांगणें आहे. सांभाळाच्या अटीवर मुलाला जमीन लिहून द्याल, तर ती अट दस्तांत घालून घ्या. मग सांभाळ झाला नाहीं तर २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यानें तो दस्त रद्द करून मागतां येतो. दोन्ही तालुक्यांसाठीं अर्ज मंचरला प्रांतसाहेबांकडे करावा.

हिशेब मागणें म्हणजे अविश्वास, असें आपण समजतों. तसें नाहीं. आमची बहीण पुढें दोन वर्षें माहेरीं आली नाहीं. एक वही असती, तर आली असती.