चालते इंजिन मध्येच का थांबते?



वणीहून नांदुरी आणि नांदुरीहून सप्तशृंगगड हा रस्ता आपल्यापैकी पुष्कळांच्या माहितीचा आहे. नांदुरी सोडली, की पुढची दहाएक किलोमीटर घाटाची. एका हाताला डोंगराची कड, दुसऱ्या हाताला दरी. अशा चढावर, गाडीत म्हातारी माणसे आणि लेकरे बसलेली असताना, इंजिनाने एकाएकी मान टाकली तर काय होईल, ह्याची कल्पना कोणालाही करता येईल. आणि ही तक्रार जुन्या खटाऱ्याचीच असते असे समजू नका. द्राक्षांच्या आणि टोमॅटोच्या पैशांतून घेतलेली, वीस-पंचवीस लाखांची, दोन वर्षेही न झालेली उंच मोटार, जिला आता सगळेच ‘एसयूव्ही’ म्हणतात, तीही अशी थांबते. मालक ती गॅरेजात नेतो. तिथे ती दिवसभर गुण्यागोविंदाने चालते. “साहेब, गाडीत काही दोष दिसत नाही,” एवढे ऐकून मालक घरी येतो आणि चार दिवसांनी गाडी पुन्हा तेच करते. मग कोणी म्हणतो नजर लागली, कोणी लिंबू-मिरची बांधतो, कोणी एकामागून एक सुटे भाग बदलीत सुटतो आणि हजारो रुपये घालवून बसतो.

आजच्या भाषणात मला एकच गोष्ट आपल्यापुढे ठेवायची आहे. कोणतेही इंजिन विनाकारण बंद पडत नाही. कारण असतेच, मात्र ते येते आणि जाते. अशा येत्या-जात्या कारणाला पकडायचे, तर पान्ह्याच्या आधी वही हातात घ्यावी लागते.

पण वही काढण्यापूर्वी जीव सांभाळला पाहिजे. इंजिन थांबले म्हणजे ब्रेक गेले, असे नाही. बहुतेक गाड्यांत ब्रेकला जी जादा ताकद मिळते ती चालत्या इंजिनाच्या जोरावर मिळते, आणि इंजिन थांबल्यावरही ती एक-दोन वेळा दाबण्यापुरती शिल्लक असते. घाबरून पाय पुन्हा पुन्हा मारला, की ती संपते. म्हणून ब्रेक एकदाच, जोराने आणि सलग दाबून धरावा. स्टिअरिंग जड होईल, पण वळेल. गाडी पुरती थांबेपर्यंत किल्ली काढू नये, कारण किल्ली काढताच स्टिअरिंगला कुलूप लागू शकते. गाडी थांबली, की हातब्रेक लावा, चारी दिवे लुकलुकते ठेवा, चाकाला दगड लावा आणि माणसांना दरीच्या बाजूने न उतरवता डोंगराच्या बाजूने उतरवा. गाडीबरोबर मिळालेला लाल त्रिकोण वळणाच्या मागे, येणाऱ्याला लांबून दिसेल असा ठेवा. आणि इंधन वाचावे म्हणून घाट उतरताना इंजिन बंद करून गाडी सोडण्याची जी खोड काहींना असते, ती आजच सोडा.

आता इंजिनाकडे वळू. इंजिनाला जगायला फार थोडे लागते: हवा, इंधन आणि पेटण्यासाठी ठिणगी. डिझेलच्या इंजिनात ठिणगीचे काम दाबाने तापलेली हवाच करते. पूर्वीच्या गाडीत एवढ्या तीन गोष्टी पाहिल्या, की मिस्त्रीचे काम भागे. नव्या गाडीत ह्या तिन्हींवर एका छोट्या संगणकाची पाटीलकी असते. पाटील स्वतः वेशीपर्यंत जात नाही. कोतवाल जी वर्दी आणतो तिच्यावर हुकूम सोडतो. गाडीतले कोतवाल म्हणजे ‘सेन्सर’. कोणी हवेची वर्दी देतो, कोणी उष्णतेची, कोणी इंजिनाच्या फिरण्याची. एखाद्या कोतवालाने खोटी वर्दी दिली किंवा वाटेतच त्याची तार तुटली, तर हवा-इंधन भरपूर असूनही पाटील इंजिन बंद करण्याचा हुकूम देतो. म्हणून नव्या गाडीच्या बिघाडात लोखंडाइतकाच तारांचा आणि विजेचा विचार करावा लागतो.

तर वहीत काय लिहावे? गाडी बंद पडली, की शांत झाल्यावर एवढे टिपून ठेवा. तारीख, वेळ आणि ठिकाण. रस्ता चढाचा होता, उताराचा की सपाट. गाडी वेगात होती की उभी राहत होती. इंजिन थंड होते की तासभर चाललेले. टाकीत इंधन किती होते आणि ते कोणत्या पंपावर, कधी भरले होते. पाऊस किंवा खड्डा होता काय. इंजिन झटक्यात थांबले की आधी गचके देऊन थांबले. समोर कोणता दिवा लागला, आणि पुन्हा सुरू व्हायला किती वेळ गेला. जवळच्याने फोनवर त्या दिव्यांचे चित्र घेऊन ठेवले तर फारच उत्तम.

अशा चार-पाच नोंदी झाल्या, की त्यांतून एक मेळ दिसू लागतो. तासभर चालल्यावर इंजिन झटकन थांबते आणि अर्धा तास थंड झाल्यावर काहीच झाले नाही असे सुरू होते, असा मेळ असेल तर इंजिनाचे फिरणे मोजणाऱ्या ‘क्रँक सेन्सर’वर पहिला संशय घ्यावा. उष्णतेने त्याच्या आतला जोड सुटतो आणि थंड झाल्यावर पुन्हा जुळतो. गॅरेजात गाडी पोचेपर्यंत तो निवलेला असतो, म्हणून तिथे दोष दिसत नाही. भरल्या गाडीने चढावरच इंजिन दम तोडत असेल, तर इंधनाची गाळणी, इंधनाचा पंप किंवा डिझेलमधले पाणी तपासावे. टाकी तळाला गेलेली असताना चढावर तेल मागे सरकते आणि पंपाच्या तोंडी हवा येते. घाटात जाताना टाकी निदान निम्मी असावी ती ह्याचसाठी. थोडे डिझेल स्वच्छ काचेच्या बाटलीत काढून तासभर स्थिर ठेवले, तर पाणी तळाशी वेगळे दिसते. ही परीक्षा कोणालाही करता येण्यासारखी आहे. मात्र गाळणीतून डिझेल काढण्याचे काम माहीतगाराकडून करून घ्यावे आणि तिथे विडी-काडी नको.

गाडी उभी राहता राहता बंद पडत असेल, तर हवेच्या वाटेवर साचलेली काजळी किंवा धुराचा काही भाग परत आत सोडणारी झडप उघडी अडकणे, ही कारणे संभवतात. मात्र इथे एक गोष्ट लक्षात घ्या. पुष्कळ नव्या गाड्या चौकात उभ्या राहिल्या, की इंधन वाचविण्यासाठी आपण होऊन इंजिन थांबवतात आणि पाय हलताच सुरू करतात. हा बिघाड नाही. ती सोय बंद करण्याचे बटण गाडीत असते. खड्ड्यावर आपटताच बंद पडणाऱ्या गाडीत बॅटरीची सैल पकड, गाडीच्या अंगाला जोडलेली ‘अर्थ’ची तार आणि ‘रिले’ पाहावा. आणि आपल्या भागात आणखी एक गुन्हेगार आहे: उंदीर. मळ्यात, शेडजवळ दोन-चार दिवस उभ्या राहिलेल्या गाडीच्या बॉनेटखाली तो ऊब शोधतो आणि तारा कुरतडतो. अर्धवट कुरतडलेली तार कधी जोडलेली असते, कधी नसते. बाहेरून बसवून घेतलेले दिवे, भोंगे, कॅमेरे ह्यांसाठी मूळ तारा कापून जोड दिले असतील, तर तेही प्रथम तपासावेत.

कोणी म्हणेल, हे सगळे आपल्या हलगर्जीपणाचे झाले. मोठ्या कंपन्यांच्या हातून का चुका होतात? होतात, आणि त्या कबूलही केल्या जातात. २०२० च्या जानेवारीत टोयोटा कंपनीने अमेरिकेत सुमारे सात लाख गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावल्या. त्यांत तिच्या लेक्सस ह्या महागड्या नावाच्या उंच मोटारीही होत्या. इंधनाच्या पंपातले प्लास्टिकचे छोटे चक्र भेगाळून इंधन शोषून घेई, त्याचा आकार बिघडे, ते अडके आणि चालते इंजिन थांबू शके. आपल्या देशात होंडा कंपनीने २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये ९० हजारांहून अधिक गाड्या पंपाच्या अशाच चक्रासाठी बोलावल्या. महिंद्राने २०२३ च्या ऑगस्टमध्ये एक्सयूव्ही-७०० ह्या आपल्या गाडीच्या १ लाख ८ हजारांवर मोटारी इंजिनाजवळील तारांचा जुडगा घासून कापला जातो की काय, हे तपासण्यासाठी बोलावल्या; तपासणी विनामूल्य होती. तेव्हा आपल्या गाडीच्या चासी नंबरवर अशी काही सूचना निघाली आहे काय, हे कंपनीच्या संकेतस्थळावर किंवा अधिकृत केंद्रात आधी विचारावे. पुष्कळदा शोध तिथेच संपतो.

नोंद नसली की काय होते, ह्याचे दुःखद उदाहरण अमेरिकेतल्याच जनरल मोटर्सचे आहे. तिच्या काही लहान मोटारी धावता धावता बंद पडत, आणि त्याच क्षणी अपघातात फुगणाऱ्या हवेच्या पिशव्याही निकामी होत. कारण काय, तर किल्लीच्या स्विचमधली पकड इतकी सैल, की जड जुडग्याने किंवा गुडघ्याच्या धक्क्याने किल्ली मागे फिरे. कंपनीत तो भाग मध्येच गुपचूप सुधारला गेला, पण त्याचा क्रमांक तोच ठेवला. कागदावर जुना आणि नवा भाग एकच! त्यामुळे पुढे तपास करणाऱ्यांना वर्षानुवर्षे उलगडा होईना. शेवटी एका स्वतंत्र अभियंत्याने जुना आणि नवा स्विच शेजारी ठेवून मोजले, तेव्हा फरक सापडला. २०१४ मध्ये लाखो गाड्या परत बोलावल्या गेल्या, आणि भरपाईसाठी नेमलेल्या निधीने ह्या दोषामुळे १२४ मृत्यू झाल्याचे मान्य केले. एक ओळ वेळेवर नीट लिहिली असती, तर किती घरे वाचली असती! ज्यांच्या गाडीला अजून फिरवायची किल्ली आहे, त्यांनी तिला घराच्या, गोठ्याच्या, पंपघराच्या किल्ल्यांचे ओझे लटकवू नये, हा धडा तर आपण आजच घेऊ शकतो.

आता गॅरेजात जाताना काय करावे? आपल्या देशात २०१३ पासूनच्या मोटारींत बिघाडाची खूण साठवणारी व्यवस्था आहे. स्टिअरिंगखालच्या खोबणीत यंत्र जोडले, की ती खूण वाचता येते. बिघाड होताना वेग किती होता, इंजिन किती तापले होते, हेही पुष्कळदा तीत असते. म्हणून वाचन होण्यापूर्वी बॅटरी सोडू नका, नाहीतर हा पुरावा पुसला जाण्याचा संभव असतो. वाचलेली खूण कागदावर छापून मागा. आणि ध्यानात ठेवा, खूण म्हणजे निकाल नव्हे. पंपाचा दाब कमी आहे असे तिने सांगितले, तर दोष पंपात असेल, गाळणीत असेल किंवा पंपाला वीज नेणाऱ्या तारेतही असेल. दाब मोजल्याशिवाय, तारेतली वीज मोजल्याशिवाय भाग बदलू देऊ नका. गाडी ज्या परिस्थितीत बंद पडते त्याच परिस्थितीत, म्हणजे तापलेल्या इंजिनाने आणि चढावर, यंत्र जोडून मिस्त्रीला बरोबर घेऊन फिरा. प्रत्येक भेटीचे जॉब-कार्ड घ्या आणि त्यावर “गाडी चालू असताना इंजिन बंद पडते” ही तक्रार आपल्या शब्दांत लिहवून घ्या.

हे कागद पुढे उपयोगी पडतात. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम ११०-अ आले आणि १ एप्रिल २०२१ पासून त्याचे नियम लागू झाले. सदोष गाड्या परत बोलावण्याचा हुकूम आता सरकार देऊ शकते, आणि त्यासाठी मालकांच्या तक्रारी मोजल्या जातात. आपली तक्रार नोंदली नाही, तर ती मोजलीच जात नाही. ह्याखेरीज ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे, आणि ५० लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीची दाद जिल्हा ग्राहक आयोगाकडे मागता येते. मुदत सामान्यतः दोन वर्षांची. तिथे नुसता राग चालत नाही. तारीखवार कागद चालतो.

शेवटी शिक्षकबंधू-भगिनींना एक विनंती. विज्ञानाच्या तासाला प्रयोगाची पद्धत शिकवताना एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि बाकीच्या तशाच ठेवाव्या, असे आपण सांगतो. मुलांना ते पुस्तकातले वाटते. त्यांच्या घरच्या ट्रॅक्टरचे, विहिरीवरच्या मोटारीचे, फवारणीच्या पंपाचे बंद पडणे त्यांना महिनाभर वहीत टिपायला सांगा. कधी, कुठे, कशानंतर. मग वर्गात त्या नोंदी शेजारी शेजारी मांडा आणि मुलांनाच कारण शोधू द्या. ज्या मुलाला आपल्या शेतावरच्या पंपाचे कारण नोंदींतून सापडेल, तो पुढे कोणत्याही यंत्रापुढे हात जोडून उभा राहणार नाही. ते का थांबले, हे तो विचारील.

महागडी गाडी असो की जुना पंप, यंत्राला रुसणे ठाऊक नसते. ते बंद पडते तेव्हा काहीतरी सांगत असते. ते ऐकून लिहून ठेवण्याची सवय आपण लावून घेऊ या.