दुखणं थांबलं म्हणजे आजार गेला असं नाही
(प्रभागसंघाच्या मासिक सभेत आरोग्य विषयावर झालेले मार्गदर्शन)



संधिवात म्हटलं की आपल्याला सासूबाईंचे गुडघे आठवतात. पण तो लहान मुलांनाही होतो. १६ वर्षांच्या आत सुरू झालेली सांध्याची सूज ६ आठवडे टिकली आणि दुसरं कारण सापडलं नाही, तर डॉक्टर त्याला बालसंधिवात म्हणतात. लेकरू सकाळी लंगडतं, बोटं आखडतात, आणि दुपारी खेळायला लागतं. आपण म्हणतो, शाळा बुडवायचं नाटक आहे. नाटक नाही बायांनो, सकाळचं आखडणं हीच या आजाराची खूण आहे.

औषधाने दुखणं थांबतं. खरा धोका इथंच आहे. राखेखाली निखारा राहतो, तसा अंगात दाह राहू शकतो. कधी कधी तर रक्ताच्या तपासणीतही तो दिसत नाही. वर्षानुवर्षं राहिलेला दाह सांध्यापुरता थांबत नाही. या आजाराच्या काही मुलांच्या रक्तवाहिन्या लहानपणीच कडक झालेल्या आढळल्या आहेत. त्यातून पुढे हृदयविकाराचा धोका वाढू शकतो. डोळ्यातही आतून सूज येते. डोळा लाल होत नाही, दुखत नाही, पण नजर जाऊ शकते.

घसा दुखून गेल्यावर दोन-तीन आठवड्यांनी ताप आला, आज गुडघा तर उद्या घोटा दुखू लागला, तर तो ऱ्हुमॅटिक ताप असू शकतो. हा आजार वेगळा. तो हृदयाच्या झडपा खराब करतो. त्यात पेनिसिलीनचं इंजेक्शन दर ३-४ आठवड्यांनी, अनेक वर्षं घ्यावं लागतं. एकही चुकवू नका.

मग आपण काय करायचं?

१. डॉक्टरांना विचारल्याशिवाय औषध बंद करू नका. गावातल्या पुड्या देऊ नका.
२. मेथोट्रेक्झेटची गोळी आठवड्यातून एकदाच असते. वार ठरवा, कॅलेंडरवर खूण करा. रोज दिली तर जिवावर बेतते.
३. डोळे, रक्तदाब, वजन वेळोवेळी तपासून घ्या.
४. घरात विडी-सिगारेटचा धूर नको. डॉक्टर सांगतील तसं लेकराला खेळू द्या.
५. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत, अंगणवाडीत येतं. त्यांना सांधा दाखवा.

शेवटचं एक. तालुक्याला जायच्या भाड्यापायी लेकराची तपासणी राहता कामा नये. आजारपणाला अंतर्गत कर्ज लगेच मिळावं, असा ठराव प्रत्येक गटाने पुढच्या बैठकीत घ्यावा. आपली बचत अशाच वेळेसाठी आहे.